पट्ट्यावरची करवत

१९२०च्या दशकातल्या अमेरिकन ट्रॅक्टरांच्या नावांत आकड्यांच्या जोड्या दिसतात. मॅककॉर्मिक-डीअरिंग १०-२०, त्याच कंपनीचा मोठा १५-३०, वॉटर्लू बॉय १२-२५. पहिला आकडा नांगर ओढताना मिळणाऱ्या अश्वशक्तीचा आणि दुसरा पट्ट्यावर मिळणाऱ्या अश्वशक्तीचा. म्हणजे शेतात फिरताना हा ट्रॅक्टर जेवढे काम देईल, त्याच्या दुप्पट काम तो एका जागी उभा राहून देईल, हे कंपनी ट्रॅक्टरच्या नावातच सांगून टाकत होती.

या दुपटीचे कारण साधे आहे. लोखंडी चाकांचा जड ट्रॅक्टर भुसभुशीत मातीत चालतो तेव्हा इंजिनाची बरीचशी ताकद माती दाबण्यात, चाके घसरण्यात आणि गिअरच्या घर्षणात जाते. तोच ट्रॅक्टर उभा करून त्याच्या बाजूच्या पुलीवर चामड्याचा किंवा रबर लावलेल्या कॅनव्हासचा चपटा पट्टा चढवला, की तीच ताकद जवळजवळ सगळी कामाला लागते. म्हणून त्या काळातल्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर घेतला तो निव्वळ नांगरणीसाठी नव्हे. गव्हाची मळणी, चारा कापून सायलोत भरणे, मका दळणे आणि हिवाळ्यात सरपण कापणे ही सगळी पट्ट्याची कामे होती. या लेखाचा विषय त्यांतले शेवटचे काम आहे, कारण पट्ट्याची हुशारी आणि पट्ट्याचा धोका ही दोन्ही एकत्र पाहायची तर सरपणाच्या गोल करवतीसारखे उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

आकडे नावात असले तरी ते खरे असतीलच असे नव्हते. नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळातले शेतकरी सदस्य विल्मट क्रोझियर यांनी मिनिआपोलिसच्या एका कंपनीचा ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर घेतला होता. हेन्री फोर्ड यांच्याशी त्या कंपनीचा काही संबंध नव्हता आणि ट्रॅक्टरही सांगितल्यासारखा चालला नाही. या अनुभवातून १९१९ साली नेब्रास्कात कायदा झाला. राज्यात ट्रॅक्टर विकायचा असेल, तर आधी त्याची राज्य विद्यापीठात चाचणी व्हायला हवी. १९२० मध्ये पहिली चाचणी वॉटर्लू बॉयची झाली आणि त्याने पट्ट्यावर २५ अश्वशक्तीच्या थोडी वरच ताकद दाखवली. पुढची अनेक वर्षे नेब्रास्काच्या अहवालांत ओढीची आणि पट्ट्याची अश्वशक्ती वेगवेगळी छापली जात असे, आणि शेतकरी ते आकडे पाहून ट्रॅक्टर निवडत. एका सामान्य ग्राहकाच्या फसवणुकीतून इतकी टिकाऊ आणि उपयोगी व्यवस्था उभी राहावी, याचे मला फार कौतुक वाटते.

आता करवतीकडे. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगन या भागांत हिवाळा लांब आणि कडक. घर गरम ठेवायला आणि स्वयंपाकाला लाकडाचीच चूल. पानगळ झाली, शेतातली कामे संपली, की शेतकरी आपल्या रानात जाऊन ओक, मेपल, बर्च यांची मनगटापासून मांडीएवढ्या जाडीची झाडे आणि फांद्या तोडत. बारा-पंधरा फुटांचे हे वासे घोड्यांच्या घसरगाडीवर लादून अंगणात आणून रचत. चुलीत मात्र साधारण १६ इंचांचाच तुकडा बसतो. सरपण मोजायचे माप ‘कॉर्ड’, म्हणजे चार फूट उंच, चार फूट रुंद आणि आठ फूट लांब अशी रास, १२८ घनफूट. एका घराला हिवाळाभर अशा कित्येक राशी लागत. हातकरवतीने त्या कापायच्या तर दोन माणसांचे आठवडेच्या आठवडे जात. ट्रॅक्टरवर चालणारी गोल करवत तेच काम एक-दोन दिवसांत उरकत असे. म्हणून शेजारपाजारच्या चार-पाच घरांनी मिळून एक दिवस ठरवायचा, ज्याच्याकडे करवत आहे त्याने ती आणायची, ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याने तो आणायचा, आणि एकेका घराचे लाकूड कापून पुढे सरकायचे, अशी रीत होती.

करवतीची घडण अगदी मोजकी. लाकडी किंवा लोखंडी घोडा, त्यावर आडवा दांडा. दांड्याच्या एका टोकाला २४ ते ३० इंच व्यासाची दातेरी चकती, दुसऱ्या टोकाला जड चाक आणि जवळच पट्ट्याची लहान पुली. दांडा फिरतो तो पांढऱ्या धातूच्या म्हणजे बॅबिटच्या बेअरिंगांत. त्यांना ग्रीस किंवा तेल सतत लागते. चकतीसमोर एक झुलती फळी असते. तिच्यावर वासा ठेवायचा, फळी पोटाने आणि हातांनी पुढे ढकलायची, वासा चकतीवर जातो, तुकडा पडतो, फळी मागे येते, वासा १६ इंच पुढे सरकवायचा. चकतीचे दात माणसाच्या बाजूने खाली जाणारे असावे लागतात, म्हणजे लाकूड फळीवर दाबले जाते. फेरा उलटा असेल तर दात लाकडाला वर उचलतात आणि ते माणसाच्या तोंडावर येऊ शकते. त्यामुळे पट्टा सरळ चढवायचा की एकदा पीळ देऊन फुलीसारखा, हे आधी ट्रॅक्टरची पुली कोणत्या दिशेने फिरते ते पाहून ठरवायचे. फुलीच्या पट्ट्याने दुसऱ्या पुलीची दिशा उलटते.

ट्रॅक्टर लावणे हे या कामातले खरे कसब. ट्रॅक्टरची पुली आणि करवतीची पुली एका रेषेत हवी आणि दोन्ही दांडे समांतर हवेत. त्यासाठी मोजपट्टी कोणी वापरत नसे. करवतीच्या मागे उभे राहून एक डोळा मिटून ट्रॅक्टरच्या पुलीकडे पाहायचे आणि चालकाला हाताने खूण करायची. पट्टा आधी करवतीच्या पुलीवर घालायचा, उलगडत ट्रॅक्टरपर्यंत न्यायचा, तिकडच्या पुलीवर चढवायचा आणि मग ट्रॅक्टर इंच-इंच मागे घेत ताण आणायचा. इंजिन सावकाश चालवून पट्टा कुठे धावतो ते पाहायचे. तो पुलीच्या मधोमध बसेपर्यंत ट्रॅक्टर हलवत राहायचे. मग ब्रेक अडकवायचा, चाकांखाली ठोकळे घालायचे आणि करवतीच्या घोड्याच्या पायांशी लोखंडी मेखा ठोकायच्या. हे केले नाही तर पट्टा ट्रॅक्टर आणि करवत दोघांनाही एकमेकांकडे ओढत नेतो आणि ढिला पडतो.

पुली कुठे असावी, याबाबत कंपन्यांची उत्तरे वेगवेगळी होती. जॉन डीअरच्या जुन्या दोन सिलिंडरच्या ट्रॅक्टरांत इंजिनाचा मुख्य दांडाच आडवा असे. त्याच्या डाव्या टोकाला फ्लायव्हील आणि उजव्या टोकाला थेट पट्ट्याची पुली, क्लचही त्या पुलीतच बसवलेला. मध्ये एकही गिअर नाही. १९३९च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरला मात्र मागच्या पीटीओ (पॉवर टेक-ऑफ) दांड्यावर, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला देणाऱ्या दांड्यावर, पुलीचा वेगळा जोड लावावा लागे. पट्ट्याच्या कामासाठी जॉन डीअरची मांडणी मला जास्त पटते. चालकाचा हात क्लचच्या लिव्हरवर असतो, आणि ते लिव्हर मागे ओढले की इंजिन आणि पट्टा यांचा संबंध तत्काळ तुटतो.

पट्टा ताकद कशी वाहून नेतो? तो दोन पुल्यांभोवती ताणलेला असतो. इंजिन फिरू लागले की त्याची एक बाजू घट्ट होते आणि दुसरी सैल. काम होते ते या दोन ताणांतल्या फरकामुळे. एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम. पट्टा मिनिटाला ३,००० फूट धावत असेल आणि २० अश्वशक्ती पोहोचवत असेल, तर फरक येतो २२० पौंड, म्हणजे साधारण १०० किलो. वीस अश्वशक्ती म्हटल्यावर पट्ट्यावर काय प्रचंड ओढ असेल असे वाटते. प्रत्यक्षात ती एका धट्ट्याकट्ट्या माणसाच्या वजनाएवढी असते. बाकी सगळे काम वेग करतो. म्हणूनच ट्रॅक्टरांच्या पट्ट्यांचा वेग साधारण मिनिटाला २,६०० ते ३,१०० फुटांच्या आसपास ठेवलेला असे. त्यापेक्षा हळू धावणाऱ्या पट्ट्याला तेवढीच ताकद न्यायला जास्त ताण लागतो, आणि जास्त ताण म्हणजे बेअरिंगांची झीज.

घट्ट बाजू आणि सैल बाजू यांत किती फरक टिकू शकतो, याचे सूत्र ऑयलर आणि आयटेलवाइन या दोघांच्या नावाने ओळखले जाते. ते घर्षणावर आणि पट्टा पुलीला किती अंशांत वेढतो यावर अवलंबून असते. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला आणि पट्ट्याने पुलीचा अर्धा घेर वेढला, तर घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या सुमारे अडीच पटीपर्यंत जाऊ शकतो. त्यापुढे पट्टा घसरतो. वेढा थोडा जरी वाढला तरी हे गुणोत्तर झपाट्याने वाढते. जुन्या माणसांना सूत्र ठाऊक नव्हते, पण त्यातून निघणारे सगळे निष्कर्ष त्यांच्या हाताला माहीत होते. पट्टा लांब ठेवायचा, सैल बाजू वर येईल असे पाहायचे, म्हणजे ती आपल्या वजनाने खाली झोळ घेऊन पुलीला अधिक वेढते. पट्टा फुलीने लावला तर वेढा आणखी वाढतो. शिवाय दोन्ही पदर मध्यावर एकमेकांना घासत जात असल्याने पट्टा वाऱ्यात फडफडत नाही. लांब पट्ट्याला आडवा वारा लागला तर तो पुलीवरून खाली उतरतो, हे मळणीवाल्यांना पक्के ठाऊक होते. यंत्र कुठल्या दिशेला तोंड करून लावायचे, ते म्हणूनच वारा पाहून ठरे. करवतीचा पट्टा मळणीयंत्राच्या शंभर-दीडशे फुटी पट्ट्यापेक्षा बराच आखूड असे, पण नियम तेच.

पुलीला कड नसताना पट्टा तिच्यावरून निसटत का नाही, हा प्रश्न चपटा पट्टा पहिल्यांदा पाहणाऱ्या प्रत्येकाला पडतो. उत्तर पुलीच्या पृष्ठभागात आहे. नीट पाहिले तर पुली मधोमध किंचित फुगीर असते, कडांपेक्षा जेमतेम थोडी जास्त जाड. पट्टा एका बाजूला सरकला, की त्याचा उंचवट्याकडचा पदर जास्त ताणला जातो आणि पुलीवर येऊ घातलेला पट्टा त्या बाजूला किंचित वळतो. मग प्रत्येक फेऱ्याला तो थोडा-थोडा उंचवट्याकडे चढत जातो आणि मधोमध येऊन थांबतो. बाजूंना कड लावली असती तर पट्टा तिला घासून फाटला असता. हा उपाय कोणी एकाने शोधल्याचे दिसत नाही. कारखान्यांतल्या कारागिरांच्या पिढ्यांनी तो हळूहळू पक्का केला असावा असे मला वाटते.

पट्टा घसरतो, ही त्याची उणीव वाटते. खरे तर तेच त्याचे संरक्षण आहे. एखादी गाठ चकतीत अडकली, दांडा थांबला, तर पट्टा पुलीवर घसरतो किंवा सरळ उडून बाजूला पडतो. इंजिनाचा दांडा तुटत नाही, गिअरचे दात मोडत नाहीत. म्हणून पट्ट्याला राळ फासून तो फार चिकट करू नये, असे जुनी पुस्तके सांगतात. चामड्याच्या पट्ट्याला गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेल लावून तो मऊ ठेवावा आणि तेवढ्यावरच थांबावे.

पण पट्टा ज्याचे रक्षण करतो ते यंत्र असते, माणूस नव्हे. सरपणाच्या करवतीबद्दल काही समजून घ्यायचे असेल तर हीच गोष्ट आधी घ्यायला हवी.

हिशेब करू. ३० इंची चकतीचा परीघ साधारण ७.८५ फूट. ती मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल तर तिच्या कडेचा वेग मिनिटाला ९,४०० फूट होतो, म्हणजे ताशी सुमारे १७० किलोमीटर. अशा चकतीच्या कडेचा वेग मिनिटाला ९,००० ते १०,००० फुटांच्या पलीकडे जाऊ देऊ नये, असा संकेत होता. आता समजा, ट्रॅक्टरची पुली १२ इंची आहे आणि ती १,००० फेरे घेते. करवतीची पुली ६ इंची आहे. पट्टा दोन्हीकडे एकाच वेगाने धावतो, त्यामुळे करवत २,००० फेरे घेईल आणि तिच्या कडेचा वेग जाईल मिनिटाला १५,७०० फुटांवर. फिरणाऱ्या पोलादातला ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर ताण चौपट. इथे वेग मर्यादेच्या दीडपटीहून अधिक झाला आहे, म्हणजे ताण साधारण अडीच पट किंवा त्याहून अधिक. चकतीत एखादी न दिसणारी भेग असेल तर ती इथेच फुटेल. त्यामुळे थ्रॉटल किती उघडायचा, हे ट्रॅक्टरच्या ताकदीवरून कधीच ठरवू नये. चकतीचा व्यास आणि दोन पुल्यांचे माप घेऊन ते कागदावर काढावे. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला ठीक असलेली पुली आपल्या ट्रॅक्टरला धोकादायक ठरू शकते. करवत एकाची आणि ट्रॅक्टर दुसऱ्याचा अशा रीतीत ही चूक होण्याची शक्यता फार होती.

वेगाचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे, आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. चकती फिरू लागली की तिची कड केंद्रापेक्षा जास्त ताणली जाते आणि सूक्ष्म प्रमाणात लांबते. चकती स्थिर असताना अगदी सपाट असेल तर वेगात कड सैल पडून ती डुलू लागते. लाकडात कापलेली खाच वाकडी होते, घर्षण वाढते, कड तापते, आणखी सैल होते. म्हणून करवत बनवणारा कारागीर चकती ऐरणीवर ठेवून तिचा मधला भाग हातोडीने ठोकून किंचित सैल करतो. स्थिर असताना ती जराशी चुकीची असते. ठरलेल्या वेगात कड ताणली गेली की ती बरोबर होते. म्हणजे प्रत्येक चांगली चकती एका विशिष्ट वेगासाठी ठोकलेली असते, आणि तो वेग न पाळणाऱ्याच्या हातात ती कधीच सरळ कापत नाही. आता जुन्या चकत्या ठोकून देणारे कारागीर अमेरिकेतही मोजकेच उरले आहेत.

दातांचाही विचार आडव्या कापणीचा. झाडाच्या धाग्यांना आडवे तोडायचे असल्याने प्रत्येक दात बाजूने धारदार असतो, एकाआड एक दाताची धार डावी-उजवी घासलेली असते, आणि दात किंचित बाहेर वाकवलेले असतात, म्हणजे खाच चकतीच्या जाडीपेक्षा रुंद पडते आणि चकती अडकत नाही. दोन दातांमधला खड्डा गोल राखूनच कानस चालवायची. तिथे टोकदार कोपरा झाला की भेग तिथूनच सुरू होते.

दांड्याच्या दुसऱ्या टोकावरचे जड चाक ताकद साठवते. जाड वासा आला की चकतीचा वेग उतरायला लागतो, तेव्हा या चाकातली साठलेली ऊर्जा कापायला मदत करते आणि तुकडा पडेपर्यंत ट्रॅक्टरचा गव्हर्नर इंधन वाढवून वेग पुन्हा भरून काढतो. दोन सिलिंडरच्या जॉन डीअरमध्ये हे कानाला फार स्पष्ट ऐकू येते. त्याच्या इंजिनात स्फोट समान अंतराने होत नाहीत, एकामागून दुसरा १८० अंशांवर आणि मग तिसऱ्यासाठी ५४० अंशांची वाट. रिकामी करवत फिरताना हे इंजिन हलके आणि लंगडत बोलते. लाकूड लागले की गव्हर्नर थ्रॉटल उघडतो आणि आवाज भरदार होतो. अनुभवी चालक चकतीकडे न पाहता नुसत्या या आवाजावरून सांगत असे की दात बोथट झाले आहेत किंवा वासा ढकलणारा घाई करतो आहे.

पण ही साठलेली ऊर्जाच माणसाच्या विरुद्ध जाते. सुमारे ४ मिलिमीटर जाडीच्या ३० इंची चकतीचे वजन साधारण १५ किलो भरते. १,२०० फेऱ्यांवर निव्वळ त्या चकतीत सुमारे ८,५०० ज्यूल ऊर्जा असते. पन्नास किलोचे धान्याचे पोते पाचव्या मजल्यावरून खाली पडताना जेवढी होते, तेवढी. जड चाकातली याहून वेगळी, आणि बहुधा जास्तच. चालकाने क्लच ओढला, पट्ट्याची ताकद तुटली, तरी चकती फिरतच राहते. माणसाला काही चुकते आहे हे कळून हात मागे घ्यायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात चकतीचे चार फेरे होऊन गेलेले असतात. लाकडात जायला ज्या दाताला काही अडले नाही, त्याला हातात जाताना काहीच अडत नाही. पट्टा अशा वेळी घसरत नाही, कारण त्याला तसा प्रतिकारच जाणवत नाही.

कामाच्या मांडणीतच धोका होता. एक माणूस फळी ढकलतो. दोघे-तिघे राशीतून वासे आणून देतात आणि लांब टोक उचलून धरतात. आणि एक माणूस चकतीच्या पलीकडे उभा राहून कापला जाणारा तुकडा हातात धरतो आणि मागे फेकतो. या शेवटच्या माणसाचे हात दिवसभर दातांपासून वीतभर अंतरावर. बर्फ तुडवून घसरडी झालेली जमीन, अंगावर जाड कोट, हातमोजे, आणि दुपारनंतरचा थकवा. वाकडा वासा फळीवर नीट टेकला नाही तर तो कापताना गर्रकन फिरतो आणि धरलेल्या हाताला चकतीकडे ओढून नेतो. लांब टोक धरणाऱ्याने ते खाली सोडले, तर खाच मिटते आणि चकती जाम होते. पट्ट्याचा जोड लोखंडी आकड्यांचा असे. सैल बाही, पंचा किंवा मफलर त्या आकड्यांत अडकला की सुटत नाही. धावता पट्टा ओलांडायचा नाही, चकतीच्या रेषेत उभे राहायचे नाही, थांबत्या चकतीला काठीने अडवायचे नाही, क्लचवरच्या माणसाने जागा सोडायची नाही, हे नियम प्रत्येक अंगणात सांगितले जात. तरीही या भागांतल्या जुन्या कुटुंबांत बोटे गमावलेला एखादा आजोबा असणे नवलाचे नव्हते. रॉबर्ट फ्रॉस्ट यांनी १९१६ साली व्हरमाँटच्या एका अंगणातल्या करवतीवर हात गमावून मरणाऱ्या मुलावर कविता लिहिली. न्यू हॅम्पशरमध्ये काही वर्षांपूर्वी घडलेली एक खरी घटना तिच्यामागे होती. लाकूड कापणे हे घरचे काम, म्हणून त्यात मुले सर्रास असत. मला या साऱ्या व्यवस्थेतली हीच गोष्ट सर्वांत जास्त सलते.

महाराष्ट्रात ट्रॅक्टरवर सरपणाची करवत चालवण्याची रीत रुजली नाही. इथे तशी थंडीही नाही आणि लाकूड कापायला वखारी होत्या. पण चपटा पट्टा इथेही घरोघरी ओळखीचा होता. पिठाच्या गिरणीत, उसाच्या गुऱ्हाळावर डिझेल इंजिनाने फिरणाऱ्या चरकावर, विहिरीवरच्या पंपावर, आणि मळणीयंत्रावर. फुगीर पुली, पट्ट्याला घासून लावलेले औषध, जोडाच्या लोखंडी आकड्यांची फेऱ्यागणिक होणारी टकटक, हे सगळे तेच. आणि धोकाही तोच. मळणीयंत्रात पेंढ्या घालताना हात गेलेल्या मजुरांची संख्या देशभर इतकी वाढली, की संसदेला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. त्यात मळणीयंत्रांचा समावेश होता. तिथेही दुखणे एकच. यंत्र थांबवायचा हात आणि यंत्रात जाणारा हात वेगवेगळ्या माणसांचे, आणि दोघांमध्ये अंतर.

पट्ट्याची करवत अमेरिकेतून गेली ती तिच्या धोक्यामुळे नव्हे. पीटीओ दांडा १९१८च्या इंटरनॅशनल ८-१६ ट्रॅक्टरवरच आला होता. पुढे तो प्रमाणित होऊन मिनिटाला ५४० फेऱ्यांवर स्थिरावला आणि बरीचशी यंत्रे पट्ट्यावरून त्याच्यावर गेली. कापणी आणि मळणी एकदमच करणारे कंबाइन यंत्र आल्यावर मळणीचा लांब पट्टा गरजेचा उरला नाही. १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी यंत्रणा उभी राहिली आणि अंगणापर्यंत वीज पोहोचू लागली. सरपणापुरता शेवटचा धक्का दिला तो साखळीकरवतीने. दुसऱ्या महायुद्धानंतर ती एका माणसाला उचलण्याइतकी हलकी झाली. १९४७ मध्ये ओरेगनमधले लाकूडतोडे जो कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या जबड्याकडे पाहून साखळीच्या दातांची नवी रचना केली, आणि तीच थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. झाड जिथे पडले तिथेच तुकडे करता येऊ लागले, तेव्हा वासे अंगणात ओढून आणण्याचे कारणच संपले.

तरी जुने ट्रॅक्टर आणि जुन्या करवती कोठारांत राहिल्या. आयोवा राज्यात माउंट प्लेझंट इथे १९५० पासून भरणाऱ्या जुन्या मळणीवाल्यांच्या मेळ्यात, आणि अशाच अनेक छोट्या मेळ्यांत, त्या पुन्हा पट्ट्यावर चढवल्या जातात. अशा ठिकाणी सराईत माणसे करवत सुरू करण्याआधी जे करतात ते पाहण्यासारखे असते. चकती उतरवून, दोन दातांमधल्या प्रत्येक खड्ड्याला रॉकेल चोळतात, कोरड्या फडक्याने पुसतात आणि वर खडूची पूड उधळतात. भेग असेल तर तिच्यात मुरलेले रॉकेल खडूतून काळ्या रेषेने वर येते. अशी एक जरी रेषा दिसली तरी ती चकती पुन्हा दांड्यावर बसवली जात नाही. मग पुल्यांचे व्यास मोजून वेगाचा हिशेब होतो, बेअरिंगांत ग्रीस भरले जाते, पट्ट्याचा जोड तपासला जातो, दोरी बांधून प्रेक्षकांना चकतीच्या आणि पट्ट्याच्या रेषेबाहेर, बाजूला उभे केले जाते. आणि क्लचच्या लिव्हरवर, दुसरे कोणतेही काम न देता, एक माणूस बसवला जातो.